मुलाचा हात नको, कागद धरा

जुलै उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर निरोप फिरू लागतात: ‘शाडूच्या मातीचा गणपती, कार्यशाळा. वयोगट ६ ते १४. सर्वांसाठी खुली.’ शेवटच्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून एखादी आई फोन करते. ‘मुलगी व्हीलचेअरवर असते, एकच हात नीट चालतो. आणू का?’ पलीकडून लगेच उत्तर येतं, ‘हो हो, या की!’ रविवारी सकाळी कळतं, की हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि माती सतरंजीवर बसून मळायची आहे. चार जण खुर्ची उचलून वर नेतात. एक ताई मुलीचा हात धरून गणपती करते. फोटोत मुलगी गणपतीशेजारी हसते. गणपती मात्र ताईचा असतो.

यात कोणाचाच हेतू वाईट नाही. ‘खुली’ या शब्दात काय काय येतं, हे कोणी नीट सांगितलेलं नसतं, एवढंच. ते इथे सांगायचं आहे.

## आजींची पोळी

दात पडलेल्या आजींना पोळी चावत नाही म्हणून आपण ती दुधात कुस्करून देतो. गरज पडली तर भरवतोही. पण ‘तुम्हाला चावत नाही ना, मग तुमच्या वाटचं मीच जेवते’ असं कोणी म्हणत नाही. अपंग मुलांच्या चित्रकलेत मात्र हे सर्रास होतं. मुलाला ब्रश पेलत नाही म्हणून मोठं माणूस त्याच्या मुठीवर मूठ ठेवतं आणि स्वतःच्या मनातलं फूल काढतं.

पोळी कुस्करणं म्हणजे सोय. सरकारी भाषेत तिला ‘सुगम्यता’ म्हणतात: अपंग माणसाला पोचता यावं, कळावं आणि वापरता यावं अशी रचना. साधनं, जागा, वेळ आणि पायऱ्या आपण बदलायच्या. काय करायचं, कोणता रंग, कुठे लावायचा आणि कधी थांबायचं, हे मुलाने ठरवायचं. चित्र कोणाचं, हे हात कोणाचा हलला यावरून ठरत नाही. ठरवलं कोणी, यावरून ठरतं.

कायदाही याच बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा; त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. त्याच्या कलम २९ मध्ये नृत्य, कलावर्ग, शिबिरं यांत अपंगांचा सहभाग वाढवावा आणि कलाविषयांचे अभ्यासक्रम त्यांना भाग घेता येईल असे नव्याने आखावेत, असं स्पष्ट लिहिलं आहे. ही जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर आहे, म्हणजे महापालिका आलीच. सोसायटीच्या कार्यशाळेला कोणी नोटीस धाडणार नाही. पण सोयी इतक्या साध्या आहेत, की नोटिशीची वाट पाहायला नको.

## निदानाचं नाव विचारून फारसं कळत नाही

‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं. पण हेच निदान असलेला एक मुलगा मैदानभर धावतो, तर दुसऱ्याला मान सावरायला पट्टा लागतो. म्हणून पालकांना ‘याला काय झालंय?’ विचारण्यापेक्षा कामाचं विचारावं. कोणता हात जास्त चालतो? सलग किती वेळ बसवतं? वस्तू तोंडात घालतो का? कोणत्या आवाजाचा, स्पर्शाचा त्रास होतो? ‘हो’ आणि ‘नको’ कसं सांगतो? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण न बोलणारी मुलंही हे सांगतात. कोणी डोळे वर करतं, कोणी जीभ बाहेर काढतं, कोणी मान वळवतं. ती खूण माहीत नसेल तर तुम्ही दोन तास एकटेच बोलत राहाल.

दोन गोष्टी सुरक्षेसाठी विचारायच्याच. एक, फिट येते का. लुकलुकणाऱ्या दिव्यांनी काही मुलांना फिट येऊ शकते, म्हणून नाटकात स्ट्रोब लाइट नको. दुसरी, रबराची ॲलर्जी. स्पायना बायफिडा, म्हणजे जन्मतः पाठीचा कणा पूर्ण न मिटलेला असणं, या मुलांमध्ये ती बरीच आढळते आणि गंभीर होऊ शकते. फुगे आणि साधे लॅटेक्सचे हातमोजे बाद. नायट्राइलचे मोजे आणा.

## आधी बूड, मग बोटं

चालत्या सिटी बसमध्ये उभ्याने, दांडी न धरता कागदावर सही करून बघा. पाय लोंबकळत असलेलं मूल टेबलाशी बसतं तेव्हा त्याचं असंच होतं. सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि बोटांना काही उरत नाही. म्हणून ब्रशकडे वळण्याआधी बैठक बघा. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, तळवे जमिनीवर किंवा पाटावर, कोपर टेबलावर. पाट नसेल तर दोऱ्याने घट्ट बांधलेला रद्दीचा गठ्ठा चालतो. व्हीलचेअर आत जायला टेबलाखाली साधारण ७० सेंटिमीटर उंची आणि ८० सेंटिमीटर रुंदी मोकळी हवी. खुर्चीचे हात आडवे येत असतील तर त्या हातांवरच फळी ठेवून तिलाच टेबल करा.

मग कागद. एका हाताने काढणाऱ्याचा कागद सरकतो आणि तो धरायला दुसरा हात नसतो. कागदाच्या चारही कडा मास्किंग टेपने चिकटवा. रंगाच्या वाटीखाली ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी ठेवा; ती नसेल तर ओला नॅपकिन. मान खाली घालून त्रास होत असेल तर जाड बॉक्स फाइल आडवी ठेवा. तिच्या कण्याकडची बाजू ७-८ सेंटिमीटर उंच असते, त्यामुळे साधारण १५ अंशांचा उतार आयता मिळतो.

ब्रशची दांडी जाड करायला एसीच्या तांब्याच्या पाइपवर घालतात ती काळी फोमची नळी उत्तम. फ्रिज-एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. दहा सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. भोक मोठं वाटलं तर दांडीला आधी वर्तमानपत्र गुंडाळा, नाहीतर ब्रश आत गरगर फिरतो आणि मूल वैतागतं. पकड अजिबात नसेल तर तळहाताभोवती अडीच सेंटिमीटर रुंद वेल्क्रोची पट्टी, तिच्यात ब्रश. पट्टीखाली एक बोट सहज जाईल इतकी सैल. हात थरथरणाऱ्या काही मुलांना वजनदार ब्रश बरा पडतो, पण स्नायू दुबळे असलेल्याला तोच दहा मिनिटांत दमवतो. म्हणून विचारून द्या.

## गणपती उभाच हवा असं नाही

उभी मूर्ती अवघड असते ती तोलामुळे. माती मऊ ठेवली तर पाय बसकण मारतात आणि घट्ट ठेवली तर दुबळ्या हाताला दबत नाही. त्यावर उपाय म्हणजे आडवा गणपती, अर्थात पाटीवरचं उठावचित्र. माती पोळीच्या कणकेइतकी मऊ ठेवता येते, कारण काही उभं राहायचंच नसतं.

एका मुलाला भिजवलेली दोन किलो माती लागते. एक फुटाची फरशीची टाइल घ्या आणि तिच्यावर आधी वर्तमानपत्राचा कागद पसरा. हा कागद विसरू नका. माती वाळताना आकसते. खाली टाइलला घट्ट चिकटली असेल तर तिला आकसायला वाव मिळत नाही आणि मधोमध भेग पडते. कागदावर ती सरकते. दोन बाजूंना दीड सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून मधली माती लाटण्याने लाटली की पाटी सगळीकडे सारखी होते. एका हाताने लाटणाऱ्यासाठी टाइल शिकंज्याने टेबलाला पक्की करा आणि लाटण्याऐवजी पाण्याने भरलेली बाटली द्या. ती आपल्या वजनानेच काम करते.

पाटीवर पोट, डोकं, कान, सोंड चढवायची. जोड देताना दोन्ही बाजू काट्याच्या चमच्याने खरवडून मधे मातीचं घट्ट पाणी लावा. नुसती दाबून बसवलेली सोंड वाळली की हमखास गळते. शेल्याची नक्षी जुन्या लेसच्या तुकड्यावर कोपराने दाब दिला तरी उमटते. मुकुटासाठी चकलीचा सोऱ्या वापरा, पण दाबायचा नको. फिरवायच्या दांड्याचा पितळी घ्या, त्याला ताकद कमी लागते. पहिले दोन दिवस प्लास्टिकने सैल झाकून सावलीत ठेवा. घाई करून पंख्याखाली ठेवलेले गणपती कानापासून तडकतात. पावसाळी हवेत पूर्ण वाळायला आठवडा धरा.

एक प्रश्न कुजबुजत विचारला जातो. हात नसलेलं किंवा हात न चालणारं मूल पायाने माती घडवतं. गणपतीला पाय कसा लावायचा? ज्याचे पायच हात आहेत, त्याच्या बाबतीत आम्हाला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. पण घरच्यांना आधी विचारा. कोणाला खरंच रुचत नसेल तर त्या मुलाला उंदीर, मोदक, मोर काहीही करू दे. ऐनवेळी सगळ्यांसमोर कोणी नाक मुरडण्यापेक्षा हे बरं.

## चिखल नकोसा वाटतो तेव्हा

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या काही मुलांना ओली माती हाताला लागली की चटका बसल्यासारखं होतं. तो हट्ट किंवा नखरा नव्हे. स्पर्श, आवाज, प्रकाश त्यांच्यापर्यंत आपल्यापेक्षा कितीतरी जोरात पोचतो. ‘एकदा लाव, मग मजा येईल’ ही जबरदस्ती केली तर पुढच्या वेळी मूल दारातूनच परत जातं. माती झिपच्या पिशवीत घालून बाहेरून दाबू द्या, किंवा चमचे-सुऱ्या द्या. शेजारी पाण्याची वाटी आणि कोरडा टॉवेल ठेवा. लगेच धुता येणार हे ठाऊक असलं की पुष्कळ मुलं स्वतःहून एक बोट बुडवून बघतात.

काय होणार हे आधी कळलं की अर्धी धास्ती जाते. पाच-सहा फोटोंची पट्टी भिंतीवर लावा: माती घेणं, लाटणं, चिकटवणं, हात धुणं, खाऊ, घर. एक पायरी झाली की तिचा फोटो काढून घ्यायचा. कोपऱ्यात एक शांत जागा असू द्या, आणि तिथे जाणं ही शिक्षा नाही हे सगळ्यांना सांगा.

सगळं तोंडात घालणाऱ्या मुलासाठी बरेच जण मैदा आणि भरपूर मीठ यांचा गोळा करतात. दोन वाट्या मैद्याला वाटीभर मीठ घातलेला तो गोळा मुलाने खाल्ला तर पोटात गेलेलं मीठ घातक ठरू शकतं. या मुलाला चिमूटभर मिठाची साधी कणीक द्या आणि त्याच दिवशी टाकून द्या. गव्हाची ॲलर्जी असेल तर तांदळाची उकड.

## दिसत नसेल तर चित्र कशाला?

अंध म्हटल्या जाणाऱ्या अनेक मुलांना थोडंफार दिसतं. त्यांना काळ्या कागदावर पिवळा किंवा पांढरा जाड खडू द्या, फरक लगेच कळतो. ज्यांना काहीच दिसत नाही त्यांच्यासाठी रेघ बोटाला लागली पाहिजे.

याचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे खिडकीची डासांची जाळी. कागदापेक्षा थोडा मोठा जाड पुठ्ठा घ्या, त्यावर जाळी ताणून चारही कडा टेपने बंद करा, नाहीतर कापलेल्या तारा बोटांना टोचतात. वर साधा झेरॉक्सचा कागद चिमट्यांनी लावा आणि मेणाच्या खडूने दाबून काढा. रेघ खरखरीत उमटते; काढणारा तीच बोटाने वाचत पुढे जातो. जाड ड्रॉइंग पेपर घेतला तर खरखर उमटत नाही, स्केचपेनने तर काहीच होत नाही.

तयार आकृती द्यायची असेल तर मेंदीच्या रिकाम्या कोनात फेव्हिकॉल भरून रेघ काढतात. पण फेव्हिकॉलमधलं पाणी उडालं की रेघ सपाट होते. म्हणून ओली असतानाच तिच्यावर लोकर किंवा सुतळी बसवा आणि रात्रभर वाळवा. दोन रेघांमध्ये निदान पाच-सहा मिलिमीटर अंतर हवं. डोळा सगळं चित्र एकदम बघतो, बोट मात्र तुकड्यातुकड्याने. दाट रेघांची त्याला खिचडी लागते. रंगांच्या बाटल्यांना रबरबँड बांधा: लाल एक, पिवळा दोन, निळा तीन. रंगात वेगवेगळी चाळलेली वाळू मिसळली तर कागदावरचा रंगही बोटाला ओळखू येतो. रवा मिसळू नका, मुंग्या येतात.

## भूप चुकू देत नाही

लहान मुलांचं पट्ट्यांवर काठीने वाजवायचं वाद्य घ्या आणि त्यातल्या म आणि नीच्या पट्ट्या काढून ठेवा. उरलं सा रे ग प ध, म्हणजे भूप. आता काठी कुठेही पडली तरी कानाला खटकत नाही. हात झटक्याने हलणारं मूल आणि संगीत शिकलेलं मूल शेजारी बसून एकत्र वाजवू शकतात. पेटीवर काळी तीनला सा मानलं तर पाचही काळ्या पट्ट्या भूपातच येतात. फक्त मुठीने दाबणाऱ्याकडून पांढऱ्याही दबतात, म्हणून त्याला काठीचं वाद्यच बरं.

ऐकू न येणाऱ्या मुलाला ताल लाकडी मंचावर अनवाणी उभं राहून पायांतून कळतो. पुण्यात ढोल हाताशी असतोच, पण श्रवणयंत्र घातलेल्या किंवा थोडं ऐकू येणाऱ्या मुलाला ढोलाला चिकटून उभं करू नका. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम पंधरा मिनिटं धरतात आणि पथक त्याच्याही वर जातं. शिकवताना बोलणं आणि दाखवणं एकाच वेळी नको. मुलाची नजर तुमच्या ओठांवर किंवा खुणांवर असते तेव्हा ती मातीवर नसते. आधी सांगा, थांबा, मग करून दाखवा. खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात तर चेहरा काळोखा दिसतो.

## ‘पण हात धरल्याशिवाय जमतच नाही’

आधी थांबून बघा. रंग विचारल्यावर मनात दहा अंक मोजा. बहुतेक जण दोन सेकंदांत प्रश्न पुन्हा विचारतात, आणि मुलाची जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पर्याय दोनच ठेवा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, मधे फूटभर अंतर. नजर कुठे टिकते ते पाहा.

तरीही हालचाल शिकवायची असेल तर तुमचा हात मुलाच्या हाताखाली घाला. वरून धरलेल्या हाताला सुटका नसते. खाली असलेल्या हातावरून मूल कधीही हात काढून घेऊ शकतं. ज्याला पायऱ्या लक्षात राहत नाहीत, त्याला शेवटची पायरी आधी शिकवा. कंदील तुम्ही करा, शेवटची शेपटी त्याने चिकटवायची. पुढच्या खेपेला शेवटच्या दोन. दरवेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं.

## ‘एवढी मदत केली तर ते त्याचं राहिलं का?’

इमारतीचा आराखडा काढणाऱ्या माणसाने एकही वीट रचलेली नसते, तरी ती रचना त्याचीच मानली जाते. डोळ्यांच्या खुणेने सांगणाऱ्या मुलीने ‘निळा, इथे, अजून, बस’ असं सांगितलं आणि ताईने ते जसंच्या तसं केलं, तर चित्र मुलीचं. मात्र ताईने ‘आकाश निळंच असतं ना’ म्हणून हिरवा खोडला, तर नाही. वाकडं राहिलं तर राहू द्या. मूल घरी गेल्यावर ‘जरा नीट’ करून ठेवणाऱ्या हातांना आवर घालणं हीच या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

## ‘वेगळा वर्ग बरा नाही का?’

कधीकधी असतो. खूप आवाज न सोसणाऱ्या मुलांसाठी चार-पाच जणांचा शांत वर्ग खरंच उपयोगाचा ठरतो. पण तो मुलाने निवडावा. आयोजकाची अडचण म्हणून त्याच्या माथी मारू नये. ‘बाकीची मुलं मागे पडतील’ ही भीती मात्र बहुधा फोल ठरते. टेप लावलेला कागद, जाड दांडीचा ब्रश, फोटोंची पट्टी यांनी सात वर्षांच्या कोणत्याही मुलाचं काम सोपं होतं.

खर्चाचं म्हणाल तर फोमची नळी, रबरी जाळी, मास्किंग टेप, वेल्क्रो आणि मीटरभर डासांची जाळी हे सगळं मिळून पाचशेच्या नोटेच्या आसपास बसतं. माणसं मात्र लागतात. बारा मुलांत तीन अपंग मुलं असतील तर मोठी तीन तरी हवीत. एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, कॉलेजची मुलं शहरात मिळतात; त्यांना आदल्या दिवशी तासभर बोलवा आणि ‘मुलाचा हात धरायचा नाही, कागद धरायचा’ एवढं घोकून घ्या.

जागेला पळवाट नाही. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांब उतार लागतो, कारण प्रमाण एकास बारा. तीन पायऱ्यांवर प्लायची फळी टाकून भागत नाही, खुर्ची मागे कलंडते. दाराची रुंदी ९० सेंटिमीटर, खुर्ची वळायला दीड मीटर मोकळं. सांडलेल्या रंगासाठी जुना फ्लेक्स अंथरतात (चौकाचौकांतल्या वाढदिवसांचा तेवढा एक उपयोग), पण ओल्या फ्लेक्सवर कुबड्या घसरतात. जाण्यायेण्याची वाट कोरडी सोडा. आणि संडास आधी स्वतः जाऊन बघा.

## निरोप कसा लिहायचा

‘सर्वांसाठी खुली’ हे शब्द गाळून पुढच्यासारखं लिहा. आई-बाबा बाकीचं स्वतः ठरवतील:

‘शाडूचा गणपती. हॉल तळमजल्यावर, दाराशी एक पायरी, उतार ठेवला आहे. संडास त्याच मजल्यावर, व्हीलचेअर आत जाते. बाजूला धरायला दांडी नाही. टेबल-खुर्चीवर काम, जमिनीवर बसायचं नाही. वेळ दीड तास, मधे खाऊ, केव्हाही उठून जाता येईल. शेजारच्या हॉलमध्ये ११ नंतर ढोलाचा सराव असतो. खुणांची भाषा येणारं कोणी नाही, पण सगळ्या पायऱ्या फोटोंत आहेत. मुलासाठी काही वेगळं लागणार असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.’